काटा ठरेपर्यंत

४ तारीख
नवी नोकरी लागली! लेकीने ही वही दिली. म्हणाली, आई, रोज लिही, अक्षर सुधारेल. लिहिते बाई. तिचे दिवस भरत आलेत, मन मोडवत नाही. बाळंतपणाला तू जवळ पाहिजेसच, असं बजावलंय तिने. बजावायला कशाला पाहिजे? मी जाणारच.
काम सोपं. बोटाएवढ्या काचेच्या नळीत मिरीएवढ्या गोळ्या ठासायच्या. या गोळ्यांमुळे कारखान्यात रसायनं झटपट बनतात म्हणे. नळी बाहेरून तापवायची आणि मधोमध ऊब किती पोचते ते तापमापकाच्या काट्यावर बघायचं. पातेलं तळाला करपतं नि मधे कच्चंच राहतं, तसली भानगड. त्यासाठी साहेब एवढा शिकला! तोंडावर सांगितलं, तर हसला. माणूस बरा आहे.

६ तारीख
खोलीची रीत निराळी. वाऱ्याची झुळूक लागली तर माप बिघडतं, म्हणून नळी तापायला लागली की दाराला आपोआप कडी बसते. काटा हलायचा थांबला की निघते. तोवर आतच, फोनही बाहेर. मला कुठे बसवतंय एका जागी! पण जेवणाआधी सुटले.

९ तारीख
गोळ्यांची भुकटी फार. ती पंपाने उडवायची, तोंडाने नाही, असं साहेबाने दहादा सांगितलंय. पंप म्हातारा, नुसता खोकतो. कोण वाट बघणार? नळी तोंडाला लावली नि मारली फुंकर. लख्ख!
नळी जागेवर बसवून तापवली, कडी बसली. आता काटा थांबत नाहीये. साहेबाने बाहेरून वीज तोडली, तरी वर-खाली, वर-खाली. दारातल्या झरोक्याच्या काचेतून ओरडले, दार फोडा. तर म्हणाला, मावशी, थोडा धीर धरा, फोडलं तर सगळी मेहनत मातीत. तुझ्या आईला असं कोंडलं असतंस का रे?
रागाने मोठा श्वास घेतला. काटा वर. सोडला. खाली.

१० तारीख
साहेबाने काचेआडून जावयाचा निरोप सांगितला. पोरीला कळा सुरू झाल्यात. मला बोलावतेय.
श्वास रोखला. काटा थांबला, कडी खटकन निघाली. धावले. दोन पावलांत छाती धडधडली — काटा धडधडीलाही हलतो. कडी बसली.
पुन्हा. पुन्हा.
नळीच फोडायला गेले. नुसती टिचकी मारली तर माझ्या बरगडीत लख्खकन कळ — फोडू कशी

११ असेल
दार फोडायला माणूस आणलाय म्हणे. आता सुचलं. हात गार पडलेत. पडून राहते. हळू. अजून हळू. पोरी, आलेच मी —

नंतर
काटा थांबला. दार सताड उघडं.
साहेब आत आला, आधी काट्याकडे गेला. म्हटलं, सरका, मला लेकीकडे जायचंय. सरकला नाही.
त्याच्या फोनवर जावई. मुलगी झाली, दोघी सुखरूप, आजीला पाठवा. साहेब खाली, मी पडले होते तिथे बघतोय. अरे बोल की, निघाली म्हणून सांग! ही काय मी, तुझ्यापुढे —
झरोक्याला तोंड लावून हाऽऽ केलं. काच तशीच कोरडी. परत केलं. काच —