टोळीचा वार्ताहर

तीर्थरूप आत्यास,

दोन्ही हात जोडून आणि (मान अवघडल्यामुळे) अर्धवटच वाकून नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? आतोबांची कवळी बसली का? इकडे सगळे खुशाल. मी एका टोळीत सामील झालो, असं बाबांनी तुला कळवलंच असेल. खरं आहे. पण टोळी कॉम्प्युटरवरची. या खेळात चित्रं नसतात, नुसती अक्षरं: समोर दरी आहे, मागून राक्षस येतोय. देशोदेशीची माणसं टोळ्या करून एकमेकांचे किल्ले घेतात. दिवसा मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो, संध्याकाळी तलवार.

लढाईत मी पहिल्याच फटक्यात मरायचो. मेलेल्या माणसाला काम काय? म्हणून आमच्या सरदाराने (खेळात वज्रमूठ, एरवी नळदुरुस्ती) मला टोळीच्या पानावर बातम्या लिहायला बसवलं. ताजी बातमी वर, शिळी खाली, आणि ज्याला जे बोलायचं ते त्याने बातमीखाली लिहायचं. पण लढाई रोज कुठून आणायची? मग मी गिऱ्हाइकांवर लिहू लागलो. एक मास्तर चष्मा लागू नये म्हणून अक्षरांचा तक्ता पाठ करूनच आले होते, ते लिहिलं. (बाबांच्या घोरण्यावरही लिहिलं. त्यांना बोलू नकोस.) आत्या, लोक नुसते तुटून पडले! किल्ला पडल्याची बातमी कोणी वाचेना, आणि मास्तरांच्या खाली ही भांडणं. शत्रूची माणसंही येऊन हसून जाऊ लागली. सरदार भडकला. "माझ्या पराक्रमाच्या डोक्यावर तुझा मास्तर?" म्हणाला आणि मला हाकलून दिलं. जेवण गोड लागेना. शेवटी स्वतःचं पान काढलं, तर वाचक आपले माझ्या मागोमाग हजर! याला आता ब्लॉग म्हणू लागलेत. इतरांचे कुठून आले मला ठाऊक नाही, माझा लढाईत मरून जन्माला आला. आणि चांगला चाललाय, हे मी छाती ठोकून सांगतो.

परवा दुकानात एक बाई आली. वाचायचा चष्मा हवा म्हणाली. तक्त्यासमोर बसवली, तर तिने डोळे मिटून सगळा तक्ता म्हणून दाखवला.

"तुमच्या मास्तरांची युक्ती," ती म्हणाली. "मी काळनागीण."

आत्या, काळनागीण म्हणजे शत्रूची सरदार! माझं मुंडकं हिने किती वेळा उडवलं, हिशेब नाही. एरवी दातांची डॉक्टर, आणि आवाज इतका मऊ की दात आपणहून निघून येईल. दूरच्या गावाहून मुद्दाम आली होती. चष्मा मीच बसवला. तिचं नाक सरळ आहे, निभावलं.

मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना जे त्यांना आवडत असेल ते.

तुझा आज्ञाधारक (निदान पत्रात तरी),
भाचा

ता. क. तिला मी लग्नाचं विचारलंय. समोर तोंड उघडेना, म्हणून पानावर लिहिलं. ती रोज वाचते. उत्तर खाली येईल.

ता. ता. क. आलंही असेल. पण बाबांनी टेलिफोनची वायर काढून कपाटात कुलूपबंद केली आहे, आणि तिच्याशिवाय कॉम्प्युटरवर पान उघडत नाही. घोरण्याचं त्यांना कुणीतरी छापून दिलं. ते फक्त तुला घाबरतात. फोन करू नकोस, लागणार नाही. गुडघ्याला पट्टा बांध आणि स्वतःच ये.