काचेतला कागद

सोमवार, ९

दुरुस्ती. मागच्या रविवारी याच वहीत मी लिहिलं की पणजोबांनी विहीर एकट्याने खणली. तसं नाही. गवंड्याशी केलेल्या कराराचा तुकडा आज डब्याच्या तळाशी सापडला. त्यात स्वच्छ लिहिलंय — 'खोदकाम दोघे भाऊ करतील, बांधकाम गवंड्याने करावे.' दोघे भाऊ. म्हणजे पणजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ. घरात सगळे 'एकट्याने खणली' म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहून मोकळी झाले. जुनं वाक्य खोडत नाही. खोडलं तर चूक झाली होती हेच दिसणार नाही.

हे सगळं बाबांमुळे. शुक्रवारी, २७ तारखेला, आजोबा शेत बाबांच्या आणि काकांच्या नावावर करून देणार आहेत. नोंदणी कचेरीत अकराची वेळ मिळाली आहे. त्या निमित्ताने विहिरीवर पणजोबांच्या नावाची फरशी बसवायची. बाबा म्हणाले, "तू शिकलीस, तूच लिही चार ओळी." चार ओळींसाठी घरातल्या जुन्या कागदांचा पत्र्याचा अख्खा डबा माझ्या खोलीत येऊन पडलाय. माझ्याआधी घरात कोणी शाळा पुरी केली नाही. बाबा सही करतात. काका बसची पाटी वाचतात. बाकी सगळं वाचायचं काम माझ्याकडे, मी दुसरीत असल्यापासून.

मंगळवार, १०

कामावर आठशे दाणे मोजले. डोळे चुरचुरताहेत. डबा उघडला नाही.

गुरुवार, १२

बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत दिवसभर एकच काम. ओल्या कागदावर शंभर दाणे चिमट्याने ओळीत मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची, सातव्या दिवशी उलगडून किती उगवले ते मोजायचं. घरी येऊन पुन्हा कागदच उलगडायचे. हात कुणाचे आहेत तेही कळेनासं होतं.

तरी पणजोबा थोडे थोडे दिसायला लागलेत. एका दाखल्यात त्यांनी घेतलेल्या बैलाचं वर्णन आहे — 'रंग तांबडा, डावे शिंग मोडके, स्वभाव गरीब.' पणजोबांचं असं वर्णन कुठेच नाही. बैलाबद्दल मला जास्त माहिती आहे! डोळ्यांच्या दवाखान्याची एक चिठ्ठी आहे. तिच्यावर 'पुन्हा दाखवणे' असं लिहिलंय. पुन्हा गेल्याचा कागद नाही.

बियाण्याच्या चिठ्ठ्या बऱ्याच आहेत. दुकानातून पोतं उचललं की मिळायच्या तशा. गंमत म्हणजे प्रत्येक पेरणीच्या दोन-दोन. तारीख तीच, बियाणं तेच. दुकानदार नक्कल देत असावा. मी जोड्या लावून एकेक वेगळी ठेवली.

आईचा फोन आला. म्हटलं, पणजोबा कसे होते गं? म्हणाली, "मी आले तेव्हा म्हातारे होते. बोलायचे कमी. बांधावर बसायचे." कुठल्या बांधावर? "तो मधला, वेडा बांध." शेताच्या ऐन मधोमध त्यांनी एक बांध ठेवला होता. तिथे नांगर उगाच दोनदा वळवावा लागायचा. काका अजून हसतात. आजोबांनी पुढे तो सपाट केला.

रविवार, १५

घरी जाऊन आले. चौकट घेऊन आले.

चौकटीबद्दल आधी लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते. आमच्या पुढच्या खोलीत, दाराच्या वर, काचेच्या चौकटीत एक कागद आहे. मी दहा वर्षांची असताना शिवणवाली आजी घरी आली होती. ती धाकट्या पणजोबांची मुलगी, म्हणजे आजोबांची चुलत बहीण. कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "दादा, माझे वडील सांगायचे, अर्धं शेत आपलं आहे, थोरल्याकडे ठेवलंय. आता माझं कोणी नाही. मला थोडा आधार होईल." आजोबांनी डब्यातून कागद काढून माझ्या हातात दिला. "वाच."

मी वाचला. धाकटा भाऊ कामधंद्यासाठी परगावी जात आहे, आपला अर्धा हिस्सा थोरल्याच्या हवाली करीत आहे, त्याने कसावा व पीक घ्यावे. सगळे शांत बसून ऐकत होते. वाचून झालं तेव्हा बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं — शेतासाठी नाही, मी अडखळले नाही म्हणून. शिवणवाली आजी उठली. जाताना माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "छान वाचतेस हो." पुन्हा आली नाही. त्या महिन्यात आजोबांनी कागदाला चौकट करून घेतली. पाहुणे आले की काका काठीने दाखवायचे, "आमच्या पोरीने वाचलेला."

आज मला त्यावरची तारीख हवी होती. फरशीवर वर्षं चुकायला नकोत. काच आतून धुरकटली आहे. खिळे खोलीवर सावकाश काढीन म्हटलं.

"जपून ने," काका म्हणाले. "ती चौकट नाही, आपली शेती आहे."

"मग बसमध्ये तिचं वेगळं तिकीट काढू का?"

"काढ. आणि खिडकीशी बसव."

आजोबा तेवढे हसले नाहीत. भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत राहिले.

मंगळवार, १७

प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंनी माझा अहवाल परत टाकला. "पुढची बाजू मोत्यासारखी. आणि मागची कोण भरणार, मी?" न उगवलेल्या दाण्यांची कारणं पाठीमागे लिहायची असतात. पाच वर्षांत पहिल्यांदा विसरले. माफी मागितली. दुपारी पुन्हा मागितली. बाई म्हणाल्या, "अगं, किती वेळा? घरी जा, झोप काढ."

झोप काढली नाही. भिंतीला टेकवलेली चौकट बघत बसले. खिळे उद्या.

बुधवार, १८

खिळे काढले. मागचा पुठ्ठा निघाला.

कागद पाठपोट आहे.

मागे लिहिलंय — 'परंतु ही वाटणी नव्हे. धाकटा किंवा त्याचे मूल मागावयास आले असता त्याचा अर्धा हिस्सा विनातक्रार परत द्यावा. मधला बांध मोडू नये. विहिरीचे पाणी दोघांचे.' खाली दोन अंगठे, शेजारी शेजारी.

पुढच्या बाजूला एकही अंगठा नाही. सोळा वर्षं भिंतीवर होता. कागदाखाली अंगठा नाही, हे कुणालाच कसं दिसलं नाही.

गुरुवार, १९

कामावर गेले नाही. पोट दुखतंय म्हणून कळवलं. खोटं नव्हतं, दुखत होतं.

दोन दुरुस्त्या.

पहिली. बियाण्याच्या चिठ्ठ्या नकला नाहीत. पुन्हा जोडीने लावून बघितल्या. दोन पोती, दोन शेतांची. भाऊ परगावी गेल्यावर पणजोबा एकवीस वर्षं दोन्ही हिस्से पेरत होते, आणि एकाचं बियाणं दुसऱ्यात मिसळू देत नव्हते. बांधाच्या अलीकडचं आपलं, पलीकडचं भावाचं. ज्या माणसाला वाचता येत नव्हतं त्याने कागदावरचं एकूण एक पाळलं. ते वारले त्या वर्षापासून चिठ्ठी एकच आहे. आणि मी त्या जोड्या नक्कल म्हणून बाजूला काढल्या होत्या.

दुसरी. रविवारी लिहिलं, 'मी वाचला.' हे पुरतं खरं नाही. मी पान उलटलं होतं. मला आठवतंय. कालपर्यंत आठवत नव्हतं असंही म्हणवत नाही. मागचं अक्षर बारीक होतं, शाई फुटलेली. पहिल्याच ओळीत अडले असते. सगळे माझ्याकडे बघत होते, बाबांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मी पान सरळ केलं आणि म्हटलं, "झालं."

एवढंच. कुणी विचारलं नाही, मागे काय आहे. कुणाला विचारायचं सुचणार? मी वाचणारी होते.

शुक्रवार, २०

आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, शिवणवाली आजी अजून असते का कुठे? असते. बसने दोन तास. एका दुकानामागे खोली आहे. उसवलेलं शिवून देते. आई म्हणाली, "आता दिसत नाही तिला. सुईत दोरा ओवून घ्यायला शेजारणीकडे जाते म्हणे."

बरं म्हणून फोन ठेवला. 'बरं' काय म्हटलं मी.

रविवार, २२

सांगितलं. जेवणं चालू असताना. आधी सांगायचं की नंतर, हे बसमध्ये दोन तास ठरवत होते, आणि शेवटी पहिल्या घासालाच तोंडातून गेलं.

मागची बाजू मोठ्याने वाचली. या वेळी अडखळले. चारदा. मग बियाण्याच्या जोडीच्या चिठ्ठ्यांचंही सांगितलं.

काका म्हणाले, "सोळा वर्षं भिंतीवर सुखाने होता तो. तुला खिळे काढायला कोणी सांगितलं?"

बाबा म्हणाले, "फरशीवर काय लिहायचं तेवढं विचारलं होतं तुला. चार ओळी."

"त्या चार ओळींत विहीर कोणी खणली ते लिहायचंय ना, बाबा?"

"म्हणजे मी आता चोर का?"

"तसं कोण म्हणतंय?"

"तू म्हणतेस. शिकलेली आहेस, नीट शब्दांत म्हणतेस."

काकू म्हणाली, "अहो, त्या म्हातारीला अजून किती दिवस लागणार आहे शेत?" आई म्हणाली, "तेवढे दिवस तरी लागेल ना," आणि उठून पाणी आणायला गेली. तांबे भरलेलेच होते.

आजोबा जेवत होते. ताट पुसून घेतलं, हात धुतले, काठी घेऊन बाहेर गेले.

बसपर्यंत सोडायला बाबा आले. माझी पिशवी त्यांच्या हातात होती, चौकटही तिच्यात. बस दिसल्यावर म्हणाले, "शुक्रवारी अकरा वाजता. वेळ बदलणार नाही." पिशवी मात्र नीट धरून, आडवी होऊ न देता, वर दिली.

सोमवार, २३

रजेचा अर्ज लिहिला. तीनदा. कारण काय लिहावं कळेना. 'घरगुती' लिहिलं. मोठ्या बाईंनी अर्ज उलटून बघितला. मागे काही नव्हतं. सही केली.

मंगळवार, २४

दिवसभर एकच विचार. मी नुसती गप्प बसले तर काहीच होणार नाही. फरशी बसेल, सह्या होतील, काका पाहुण्यांना चौकट दाखवतील. बाबा माझ्याशी पूर्वीसारखे बोलतील. मला ते फार हवंय. ते हवंय हे इथे लिहून ठेवते, नाहीतर पुढे कधी वाचताना वाटेल की मला सोपं गेलं.

आणि पणजोबा. एकवीस वर्षं दर नांगरणीला नांगर दोनदा वळवला. त्यांनी काय केलं हे आता जगात मला एकटीला माहीत आहे — असं रविवारपर्यंत वाटत होतं. आता घरात सगळ्यांना माहीत आहे. जिला माहीत असायला हवं तिला तेवढं नाही.

थकले आहे. चुकले असं वाटून वाटून थकले.

बुधवार, २५

संध्याकाळी आजोबांचा फोन. आईने लावून दिला असणार. ते फोनवर कधी बोलत नाहीत. आधी नुसता श्वास ऐकू आला.

मग म्हणाले, "अंगठे मागे होते. मला ठाऊक होतं. वाचता येत नसलं तरी कागदाचा शेवट कुठे असतो ते कळतं मला. तू थांबलीस, मी पण थांबलो. चौकट मीच करून आणली. बांध मीच मोडला."

मी रडत होते बहुतेक.

"तू दहा वर्षांची होतीस," म्हणाले. "मी नव्हतो."

फोन ठेवण्याआधी शिवणवाल्या आजीकडे जाणाऱ्या बसची वेळ विचारली. सांगितली.

उद्या, गुरुवार, २६ तारीख. सकाळी सव्वाआठची बस. शिवणवाल्या आजीच्या खोलीत बसून वाचायचं. आधी मागची बाजू.