गेरू लावलेला दगड

तीर्थरूप मायले चिखलदऱ्याहून गोवर्धनचा पाया पडून नमस्कार.

मी खुशाल हाय. बंगल्यातलं बागेचं काम बरं चाललं. जेवन वेळेवर भेटते, काळजी करू नको.

दर रविवारी आमी चौघं माळी दरीकडची पायवाट साफ करून राहिलो. मजुरी नाई, कोनाचा हुकूम नाई. सायबाईले मोटरीचा रस्ता हाय, पन आपल्या मानसाईले बी दरी पाह्याले भेटावं म्हनून. वळनावर निशानी म्हनून एका दगडाले गेरू फासला. तं लोकाईनं त्याले शेंदूर लावून नारळच फोडला! आता जो येते तो दगडाच्या पाया पडते अन् तिथूनच परतते. पुढची वाट पुन्हा गवतानं बुजून राहिली. दगड हालवतो म्हनलं, तं आमच्यातलाच नत्थुजी म्हने, "हात तं लावून पाह्य, लेका!" डोकं फिरून गेलं माहं.

तुहा गुडघा कसा हाय? धाकटी रुख्मिणी पानी भरू लागते का नाई?

दिवाळीनंतर येजो. दगडाले हात जोडजो, पन तिथून परतू नको, माय. पुढच्या पायऱ्या म्या तुह्या गुडघ्यासाठी ठेंगन्या कापल्या हायेत.

तुहा,
गोवर्धन