म्हातारीचं दार

सौ.स,

तक्रार गंभीर आहे: आम्हा सहा सुतारांना मिळून एकच खुंटी, आणि तिच्यावर मुकादमाची टोपी. बाकी मी मजेत.

पाच देशांनी मिळून बेघरांसाठी घरं बांधायला घेतलीत. दारं एका देशाची, चौकटी दुसऱ्याच्या. त्यांचं जमवायला आमचा रंधा. आज एका म्हातारीला दोन खोल्यांची किल्ली मिळाली आणि माझ्या पोटात दुखलं. आपली भाड्यात वीस वर्षं गेली गं! तिचं दार लागत नव्हतं. म्हटलं, खुशाल अडकू दे.

घरमालक पुन्हा 'खोली सोडा' म्हणाला का? खरं सांग.

मग आठवलं, घर मिळायच्या आधी ती इथंच तंबूत राहायची, तेव्हा याच म्हातारीनं माझ्या सदऱ्याचं बटण न मागता लावून दिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत जाऊन दाराला रंधा मारून आलो. आता एका बोटानं लागतं.

तुझाच,
भाडेकरू सुतार