टर्मिनलमधलं घर

३ जून, सोमवार
नवी नोकरी, नवं शहर, आणि खुर्ची चक्क न करकरणारी! पण टर्मिनल, म्हणजे दिवसभर आम्ही कमांड टाइप करतो ती विंडो, अगदीच भकास. काळ्यावर पांढरं. असल्या ठिकाणी माझे हात चालत नाहीत बाई. शेजारच्या टेबलावरचे, ज्यांना सगळे पंतोजी म्हणतात, ते म्हणाले की आधीच्या बाईंची सेटिंगची फाइल पडून आहे, तीच घ्या. आयत्या बिळावर नागोबा व्हायला कुणाला आवडत नाही? न वाचताच उचलली. सोबत त्यांचा खास फॉन्टही आला, बारीक बारीक चित्रांनी भरलेला. आता प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला इवलंसं घर दिसतं. फाइलमध्ये घरच्यांसाठी दोन ओळी मोकळ्या होत्या. एकीत उंच माणूस बसवला, दुसरीत फ्रॉकवाली मुलगी. नवरा आणि चिमी, दोघंही लगेच त्या घरात दिसू लागले. तो सध्या घरूनच काम करतो, लेकीलाही तोच सांभाळतो.

५ जून
चित्रातला माणूस आज घराबाहेर दिसला. फोन केला तर साहेब साबण आणायला निघालेले! जाम हसले. पंतोजींना दाखवलं. ते हसले नाहीत. आधीच्या बाईंनी त्या ओळी मोकळ्याच ठेवल्या होत्या, तुम्ही कशाला भरल्या, म्हणाले.

७ जून
चित्रातली मुलगी आडवी पडली. घाबरून फोन लावला. नवरा म्हणाला, चिमी मजेत खेळतेय, तुझं आपलं काहीतरीच. तेवढ्यात धप्प आवाज. खुर्चीवरून पडली, कपाळाला टेंगूळ. म्हणजे आधी इथे घडतं, मग तिथे.

१० जून
आज मुलगी खिडकीच्या चौकटीवर उभी. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो! चित्रच नको म्हणून तिची ओळ पुसून टाकली. मग नवऱ्याला फोन — खिडक्या लाव, चिमीला धर. त्याने विचारलं, कोण चिमी?

दुपारी
ओळ परत लिहिली. फॉन्टमध्ये असल्या मुली शेकड्यांनी. घाईत जी सापडली ती — तोच फ्रॉक, तेच केस. आली! पण पाठमोरी. बदलायला गेले, तर फाइल उघडेचना —

संध्याकाळ, घरी
चिमी आहे. देवा, आहे. भिंतीकडे तोंड करून बसलीय. पुढून गेले — पाठ. बाजूने — पाठ. नवरा म्हणतो, ती पहिल्यापासून अशीच, तुला काय झालंय?

कुशीत घेतली. वास तिचाच. चेहरा चाचपला — केस. नुसते केस —

हाक मारतेय. विचारतेय, आई कधी येणार, मला कुणीच दिसत नाही. अगं, मी तुझ्या समोरच —