दुर्बीण सरळ बसवण्याबाबत

कळस, ता. इंदापूर
कार्तिक वद्य चतुर्थी, सन १९५६

तीर्थस्वरूप बापूसाहेबदादा यांच्या सेवेशी,

धाकटा मावसभाऊ हिंदुराव याचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. (या घरात सर्व म्हणजे मी आणि म्हैस. म्हैस खरोखरच क्षेम आहे.) आपला डावा गुडघा कसा आहे? वहिनींचा दमा? बारामतीची हवा आपल्याला मानवली असे ऐकतो. मुलाच्या घरी, सुनेच्या हातचे खाऊन मानवणारच. सवड झाली की येतो, असे आपण मागे लिहिले होते. सवड ही वस्तू बारामतीच्या बाजारात कमी येत असावी.

विशेष असे की, आमच्या रतनला या दिवाळीलाही पलटणीतून सुट्टी मिळाली नाही. स्वतःऐवजी त्याने पार्सल पाठवले. आत रायफलीवर बसवायची दुर्बीण निघाली, कुणा साहेबाने विलायतेला परत जाताना त्याला विकलेली. सोबत चिठ्ठी, की रानडुकरे भुईमूग उकरतात असे बाबांनी लिहिले होते, म्हणून. (मी ते लिहिले होते त्याने यावे म्हणून. पोरगा पत्र नीट वाचतो, एवढाच त्याचा दोष.)

दुर्बीण बसवणे अवघड नाही. रायफलीच्या पाठीवर पट्टी, पट्टीवर दोन कड्या, कड्यांत दुर्बीण, वरून स्क्रू. पहिल्यांदा मी ती डोळ्याच्या फार जवळ बसवली. बार काढला तशी धक्क्याने मागे आली आणि भुवई फुटली. शेजारच्या गोजरबाईंनी हळद दाबली आणि विचारले, "डुकराला लागलं का?" मी नाही म्हणालो. "मंग येकालाच लागलं म्हना की," त्या म्हणाल्या आणि उरलेली हळद घेऊन गेल्या.

खरी अडचण सरळपणाची आहे. दुर्बिणीच्या आत दोन तारांची फुली असते. रायफल समतल असताना उभी तार अगदी उभी हवी. ती जराशी कलली तर जवळचा नेम लागतो, लांबचा बाजूला जातो. (हे फक्त रायफलीविषयी लिहीत आहे.) त्यासाठी दोन माणसे लागतात. रायफल पोत्यांच्या मध्ये बसवायची (गोळी काढून, आपण विचारणार हे ठाऊक आहे), तिच्या पाठीवर गवंड्याची पाणसळ ठेवायची, आणि एकाने पाणसळीतल्या बुडबुड्यावर नजर ठेवायची, दुसऱ्याने डोळा लावून दुर्बीण हळूहळू फिरवायची. बुडबुड्यासाठी मी गेणबा गवंड्याला बोलावले. त्याच्यामागून निम्मे गाव आले. कित्येक दिवसांनी अंगणात चहाची दोन आधणे ठेवली. फार बरे वाटले.

उभी तार जुळवायला समोर काहीतरी सरळ हवे. गावात सरळ म्हटले की भैरोबाची दीपमाळ. गेणबाच्या आज्याने ती बांधली, आणि तेव्हापासून इथले गवंडी भिंत रचताना मान वळवून तिच्याकडे बघतात. आम्हीही तिच्यावर तार जुळवली, स्क्रू आवळले. तिथेच थांबायला हवे होते. पण खात्रीसाठी मी लिंबाला दोरी बांधली, दोरीला दगड बांधला, आणि या ओळंब्यावर तार पाहिली. जुळेना. तेव्हा मी सर्वांसमक्ष म्हणालो की दीपमाळ कललेली आहे.

गेणबा म्हणाला, "माळ सरळच हाय. तुमचा वळंबा वाकडा हाय." दोरीला टांगलेला दगड वाकडा कसा लोंबेल, असे मी विचारले. "त्ये दगडाला इचारा." तेवढ्यात महिपती पाटील आले. त्यांनी दुर्बिणीतून पाहिले, ओळंबा पाहिला, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिले. "तात्या," ते हळूच म्हणाले, "तुमी येकटं ऱ्हाताय. मानूस येकटं ऱ्हायलं की आसं दिसाय लागतं." गेणबाने पाणसळ धोतराला पुसली आणि काखेत मारली. चहा तसाच राहिला. (दीपमाळेकडे बघून बांधलेली सगळी घरे सारखीच कललेली असणार. त्यामुळे त्यांचे एकमेकांत काही अडत नाही.)

तेव्हापासून इकडे कोणी फिरकत नाही. गोजरबाई ताक देतात, पण कुंपणावरून. मी औषधाच्या बाटलीत पाणी भरून, बूच लावून ती रायफलीवर आडवी ठेवली. बुडबुडा मधोमध आला की मी डोळा लावायला वाकतो, तेवढ्यात रायफल हलते. पुन्हा उठून पाहावे तर बुडबुडा कडेला. दिवस असा जातो. दमलो की दुर्बीण सोडवून हातात घेतो (बंदूक रोखलेली बरी दिसत नाही) आणि फाट्यावर थांबणारी बारामतीची संध्याकाळची एस. टी. बघतो. उतरणाऱ्याचे बटणसुद्धा दिसते. परवा काळी टोपी घातलेला एक उंच माणूस डाव्या पायावर जपून उतरला. मी घरात येऊन दुसरी वाटी घासली. तो बियाणे विकणारा होता, फाट्यावरूनच पुढे गेला.

तरी बारामतीत चांगली पाणसळ मिळेल तर घेऊन यावी. पोस्टाने पाठवू नये, काच फुटते. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला
हिंदुराव

ता. क. भुईमूग काढून झाला. डुकरेही आता येत नाहीत.

पुन्हा ता. क. पाणसळ न मिळाल्यास तिच्यासाठी अडून राहू नये. बाटलीपाशी दाढीचा आरसा उभा केला की एकट्यालाही बुडबुडा दिसतो. दुर्बीण काल दुपारी अगदी सरळ बसली. आज सकाळी सगळे स्क्रू सैल करून ठेवले आहेत.