हिरव्या पाकिटावरची तारीख

प्रिय यीच्येन,

अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस, आधी वाच. आई आता मागच्या खोलीत असते. जुलैत अर्धांगाचा दुसरा झटका आला, डावी बाजू गेली. फोन तिच्या हातात ठरत नाही, म्हणून तुझा जुना कॉम्प्युटर तिच्या पलंगापाशी मांडलाय. तिला एकच ध्यास आहे, तुझं तोंड बघायचं. पण इंटरनेटची वायर पुढच्या खोलीतून पोचेना, आणि दारातून ओढली तर तिला उचलून नेताना मीच पाय अडकून पडायचो. म्हणून वायफायचं कार्ड आणायला कॉम्प्युटरच्या सामानाच्या ग्वांगह्वा बाजारात गेलो.

जन्मभर बस चालवलेल्या माणसाला त्यातलं काय कळणार? सगळ्यात महागातलं द्या म्हणालो. दुकानातली लिआओबाई माझ्याहून तुसडी. म्हणाली, काका, पैसे उडवायचे तर देवळात जा, आधी सांगा मधे भिंती किती? मी म्हणालो दोन, त्यात एक न्हाणीघराची, आणि कॉम्प्युटरची पेटी टेबलाखाली. मग तिने साधंच कार्ड काढलं, पण त्याची अँटेना लांब वायरीची, टेबलावर ठेवता येईल अशी. पेटीमागे भिंतीशी दडपली तर भारीतल्या कार्डाचाही उपयोग नाही म्हणे. कोणाशी बोलायचंय, तिने विचारलं. मुलीशी, म्हणालो आणि पैसे मोजले.

घरी कार्ड बसवलं, आपल्याकडे सगळे ठेवतात तसं पेटीवर खाऊचं पाकीट ठेवलं, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. तरी इंटरनेट काही लागेना. शेजारचा त्साय बघायला आला आणि पोट धरून हसला. अहो, पिवळं ठेवलंत, पिवळ्याने यंत्र रुसून बसतं, हिरवं आणा. मला ते माहीत नव्हतं असं नाही गं, पण तुझ्या आईला पिवळंच आवडतं, हात आपोआप तिकडे गेला. हे ऐकून ती अर्ध्या तोंडाने हसली, कित्येक महिन्यांनी. हिरवं आणलं आणि लागलं. खरं तर तोवर त्सायने अँटेना नीट आवळली होती, मीच ती सैल ठेवली होती. पण आईपुढे श्रेय पाकिटालाच दिलं.

पाच रविवार झाले तुला लावतोय. नाव माझं दिसतं, म्हणून तू उचलत नाहीस. आई पडद्याकडे बघत राहते आणि म्हणते, कामात असेल. तिला अजून काहीच माहीत नाही. तू त्या मुलीशी, ह्वेलिंगशी, लग्न केलंस त्या दिवशी आई आत साक्षीदाराची सही करत होती, आणि नोंदणी कचेरीच्या दारात मी तुला म्हणालो, पुन्हा तोंड दाखवू नकोस. सहा वर्षं तू ऑकलंडहून तिला फोनवर तिकिटं महाग झाल्याचं सांगत राहिलीस. माझं नाव घेतलं नाहीस. त्याची मला लाज वाटते.

हिरव्या पाकिटावरची खाऊ संपवायची तारीख उलटलेली चालत नाही, यंत्र पुन्हा बिघडतं म्हणतात, तुला ठाऊक आहे. दुकानात ढीग उपसून सगळ्यात लांबची तारीख शोधली, पुढच्या मे महिन्याची. आई नववर्षापलीकडे जगेल असं डॉक्टर धरत नाहीत. तू उचलशील असं मला वाटत नाही, तुझ्या जागी मीही उचललं नसतं. तरी दर रविवारी सकाळी दहाला लावीन, आणि बटण दाबलं की गच्चीत जाऊन बसेन. तुला फक्त तीच दिसेल.

अजूनही तुझाच,
बाबा